मळ्याबाहेरच्या चपला

दारात आम्ही दोघं एकाच वेळी वाकलो. मी चपलेतून अंगठा सोडवायला आणि किसनदादा नव्या बुटांची पट्टी उपटायला. कोणी सांगितलं नव्हतं, कुठं पाटी नव्हती, समोर देवही नव्हता. जाड दगडी भिंत, तिच्यात एक बुटकं लाकडी दार आणि आत गार अंधार, एवढंच होतं. तेवढ्यानं आमच्या पायांना जे कळायचं ते कळलं. वाकताना आमची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली, आणि दादाच्या मानेवरचा काळा तीळ मला फार वर्षांनी इतक्या जवळून दिसला. लहानपणी भांडण झालं की नेमकी त्या तिळावर बुक्की घालावी असं मला वाटायचं. आता साठीला टेकले तरी तसंच वाटलं, आणि तसं वाटलं याचं मला बरं वाटलं. दारावरची निळ्या शर्टातली बाई हात हलवत धावत आली, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि दादाचा मुलगा शुभम हसायला लागला. "आत्या, चपला घालून घे. बाबा, तुमीबी. इथं काढत नाईत. आत मातीची भांडी आहेत, तुकडा-बिकडा लागला पायाले तर हे लोक घाबरतात." दादानं लगेच पट्टी चिकटवली आणि मोकळा झाला. त्याचं सगळं असंच चटकन होतं. मी चपलांत नुसते अंगठे अडकवून त्या बाईच्या नजरेआड होईपर्यंत फरफटत गेले, आणि पहिल्या खांबामागं चपला काढून पिशवीत टाकल्या.

पायाखाली जुन्या विटा होत्या, मधेच गुळगुळीत दगड. तळव्यांना गार लागलं आणि ते गार मला ओळखीचं वाटलं, याचाच राग आला. स्पेनमधल्या सेव्हिल गावाच्या कडेला, नदीपलीकडं हा मठ. येताना गाडीत शुभमनं त्याची सगळी कथा सांगितली होती. इथं न बोलण्याचं व्रत घेतलेले साधू राहायचे. मग कधीतरी ते गेले, कोणी इथं चिनीमातीच्या ताटल्या-वाट्यांचा कारखाना काढला, तोही बंद पडला, आणि आता सरकारनं नव्या चित्रांचं, मूर्तींचं केंद्र केलंय. अंगणात संत्र्याची झाडं आणि त्यांच्या डोक्यावर भट्ट्यांची बाटलीसारखी धुराडी. संत्री पाहून दादा म्हणाला की आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्यापुढं हे काहीच नाही. ऊन मात्र अकोल्याचंच होतं, डोक्यात खिळा ठोकल्यासारखं, आणि त्या उन्हातून एकदम या काळोखात आल्यावर डोळ्यांपुढं हिरवं हिरवं दिसायला लागलं. तोही हिरवा मला ओळखीचा.

शुभम इथं विमानाच्या कंपनीत आहे. त्याची आई, माझी वहिनी बेबीताई, गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून तो दादाला बोलावत होता. पण दादाला अमरावतीच्या पुढं एकट्यानं जायची सवय नाही. म्हणून शुभमनं मला फोन केला, आत्या तू संगं ये. मी एका दमात हो म्हणाले. अकोल्याला जठारपेठेत माझ्या शेजारी राहणाऱ्या लीलाबाईंना आश्चर्य वाटलं, कारण भावाचं नाव काढलं की माझं तोंड कडू होतं हे त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, बरं झालं, म्हातारपणी तरी गोड करून घ्या. मी मान हलवली. मला काही गोड करायचं नव्हतं आणि देशही पाहायचा नव्हता. मला दादा अशा ठिकाणी हवा होता, जिथून 'मळ्यात काम हाय' म्हणून त्याला उठून जाता येणार नाही. घरी अंजनगावला मी जुना विषय काढला की तो उठायचा, पायात चपला सरकवायचा आणि चालू लागायचा. सगळा जन्म तो असा उठूनच जात आला. इथं कुठं जाईल? भाषा येत नाही, रस्ता ठाऊक नाही. आणि समोर पोरगा, ज्याच्या लेखी बाप म्हणजे देवमाणूस. नागिणीनं डूख धरावा तशी मी हे धरून होते. लोक म्हणतात माफ करावं, आपल्यालाच हलकं वाटतं. मला हलकं व्हायचं नव्हतं. मला त्याला जड झालेला पाहायचा होता.

पण आठवडा सरत आला तरी जमलं नव्हतं. दादाला वास लागला असावा. तो फार गोड वागत होता. सकाळी चहा झाला की पहिला कप माझ्यापुढं सरकवायचा, बाहेर चालताना माझी पिशवी मागून घ्यायचा. मी मनात वाक्यं जुळवायची आणि तो मधेच म्हणायचा, मंजू, तुले ऊन तर नाई लागून राहिलं? आणि माझी वाक्यं विस्कटायची. आज गाडीत तर कहर झाला. शुभमचा एक स्पॅनिश मित्र सोबत थोडा वेळ होता, त्याला शुभम मोठ्या अभिमानानं बापाची कहाणी सांगत होता. इंग्रजीत सांगत होता म्हणून मला कळली. माझे बाबा सतरा वर्षांचे असताना आमचा सगळा पानमळा रोगानं मेला, वेलींची फक्त एक ओळ वाचली, आणि त्या एका ओळीतून बाबांनी पुन्हा मळा उभा केला. मित्र वळून दादाकडं आदरानं पाहायला लागला. दादा खिडकीबाहेर पाहत होता. इंग्रजी कळत नसलं तरी स्वतःची स्तुती माणसाला कोणत्याही भाषेत कळते. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले.

आमचा पानमळा. ज्यानं नागवेलीचा मळा पाहिला नाही त्याला सांगावं लागतं की ते नुसतं शेत नसतं. शेवरी, शेवगा, पांगारा दाट लावायचे, त्यांच्या अंगावर वेल चढवायचे, भोवती काट्यांचं कुंपण घालून तट्ट्या बांधायच्या, म्हणजे आत ऊन गाळूनच येतं. वैशाखात बाहेर टाळू तापलेली असताना आत शिरलं की कोणी मानेवर ओला पंचा ठेवल्यासारखं वाटायचं. चपला कुंपणाबाहेर. आत थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्यानं हसायचंसुद्धा नाही. आम्ही बारी, पिढ्यान्‌पिढ्या पानंच लावत आलो, आणि आमच्या बापाला, सहदेवला, म्हणजे आमच्या बापूला, देवळापेक्षा मळ्याचा धाक जास्त. बापू म्हणायचा, वेल आयकते. मला ते खरं वाटायचं. मी आतच वाढले. अंगठ्याला लोखंडी नख लावून पानं खुडायला बापूनंच शिकवलं. पोट्टीचा हात हलका हाय, पान फाटत नाई, असं तो चारचौघांत सांगायचा आणि दादाचं तोंड उतरायचं. मग मी मोठी झाले. म्हणजे एका सकाळी आईनं, पार्बताबाईनं, मला कुंपणाबाहेरच्या गुरांच्या कोठ्याजवळ पोत्यावर दूर बसवलं, आणि मळ्याचं दार माझ्यासाठी बंद झालं. चार दिवसांपुरतं नाही, कायमचंच. बाईच्या अंगाचा काय भरवसा, वेल नाजूक, विटाळ लागला तर जळून जाते. मी रडले नाही. बापू म्हणतो म्हणजे तसंच असणार.

त्या हिवाळ्यात बापू पानांच्या करंड्या घेऊन नागपूरला गेलेला, आई आकोटला लग्नाला. घरी दादा आणि मी, आणि मी पोत्यावर दूर बसलेली. दादानं सकाळी विहिरीवरचं डिझेलचं इंजिन सुरू करून पाणी सोडलं, माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि मित्रांबरोबर बहिरमच्या जत्रेला पळाला. बापू घरी असताना त्याला बहिरमचं नाव काढायची सोय नव्हती. बापू मोझरीच्या आश्रमात जाऊन आलेला, संध्याकाळी प्रार्थनेला खंजिरी घेऊन बसणारा माणूस, आणि बहिरम म्हणजे मटणाची हंडी. मी बसले होते आणि इंजिन धडधडत होतं. दुपार झाली, धडधडतच होतं. मला वाटलं आता दादा येईल, मग वाटलं आता येईल. ऊन कलायला लागलं तेव्हा कुंपणाखालून पाणी बाहेर आलं. एक बारीक जीभ आली, पोत्याच्या कडेपाशी थांबली, मग आणखी एक. वेलीला पाणी हवं, पण साचलं की ती मुळातून सडते, हे मळेवाल्याच्या पोराला बोलायच्या आधी कळतं. मी उठले. चपला काढल्या. दारात क्षणभर उभी राहिले, वेलीला हात जोडले, मनात म्हणाले, मी शिवणार नाही कशाला. आणि दोन्ही हात छातीशी आवळून, अंग चोरून, चिखलातून पार विहिरीपर्यंत गेले आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की माझ्याच कानात काहीतरी वाजायला लागलं. विहिरीजवळची उंचावरची एक ओळ तेवढी कोरडी होती. परत येताना डिझेलचा वास आणि पानांचा वास एकत्र येत होता. अजूनही पेट्रोल पंपावर रिक्षा थांबली की मी नाकाला पदर लावते.

पुढं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. पानं पिवळी पडली, वेली मानेतून मोडल्या, गावचे बारी पाहायला आले. चिखल वाळून त्यात पावलं उठून राहिली होती. माझ्या डाव्या पायाची करंगळी जराशी फटकून असते, ती तशीच्या तशी उमटलेली. दादा त्या ठशाशी उभा राहून म्हणाला, हे पाहा मंजूचे पाय. चपला घालून गेले असते तर पाय कोणाचा हे कोणाला कळलं नसतं. मी बापूला सांगितलं, इंजिन चालू होतं, दादा बहिरमले गेला होता. बापूनं सगळ्यांसमोर दादाला विचारलं. दादानं वेलीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी इंजिन तवाच बंद केलं होतं. वेलीवर हात ठेवून आमच्यात कोणी खोटं बोलत नाही. बापूनं माझ्याकडं पाहिलं नाही. तो जमिनीकडं पाहून म्हणाला, "पोट्टी खोटं बोलते." एवढंच म्हणाला. महिन्याभरात मला अकोल्याला जठारपेठेत मावशीकडं धाडलं. दरसाल मळ्यात जुनी वेल उतरवतात, तिची वेटोळी करून मुळाशी मातीत पुरतात आणि फक्त शेंडा बाहेर ठेवतात. तशी मी पुरली गेले, शेंडा तेवढा अकोल्यात. बारी समाजात माझं स्थळ कोणी विचारलं नाही. जिच्या पायानं मळा मेला ती पोरगी घरात कोण आणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिकले, अकोल्याच्या रेडिओवर संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात निवेदन करायला लागले, आणि सगळं वऱ्हाड माझा आवाज ओळखायला लागलं. बाजारात भाजी घेताना मी भाव विचारला की माळीण वर पाहायची. पण मळ्यात मी पुन्हा गेले नाही. बापूची राख त्याच्या इच्छेनं वेलींच्या बुडाशी टाकली, तेव्हाही मी कुंपणाबाहेर उभी होते, चपला पायात, हात रिकामे. बापूला मी कधी दोष दिला नाही. बापू भोळा. त्याला पोरानं फसवलं. इतक्या वर्षांत मी एकाच माणसावर दात धरला, आणि तो माणूस आता माझ्यापुढं दोन हातांच्या अंतरावर, मान वर करून मठाचं छत पाहत चालला होता.

शुभमनं आम्हाला आधी एका लहान देवळापाशी नेलं. ते मठाच्या भिंतीला लागून, पण बाहेरच्या अंगाला होतं. आत पांढऱ्या भिंती, एक बाक, बाकी काही नाही. तो म्हणाला, आत्या, हे बायकाइचं. साधूंच्या मठात बाईले आत पाय टाकू देत नव्हते, म्हून त्यांच्यासाठी भिंतीबाहेर हे येगळं बांधलं. इथून त्या ऐकत. मी त्या बाकाकडं पाहत राहिले. लाकूड बसून बसून खोलगट झालं होतं. दादा माझ्यामागं उभा होता. तो हसला. आठवडाभरात त्याला पहिल्यांदा मोकळं हसू आलं असावं. "आपल्या मळ्यावानीच हाय मंग," तो म्हणाला. "बायकाइले बाहेरच. साधूबी शहाणे होते." शुभमही हसला, बापाच्या विनोदाला हसतात तसा. मी हसले नाही. माझ्या कानात इंजिन धडधडायला लागलं. मी शुभमला विचारलं, ती मातीची भांडी कुठं आहेत?

ती मोठ्या देवळात होती, जिथं पूर्वी फक्त साधू जायचे. उंच रिकामं दालन, वर काळोख, आणि जमिनीवर मातीचे रांजण. कुठं एकटा, कुठं तीन-चार, कुंभाराच्या आव्यातून आत्ताच काढल्यासारखे तांबडे. प्रत्येक रांजणातून कोणीतरी बोलत होतं. दबक्या आवाजात, कुठल्या कुठल्या भाषांत. शुभमनं सांगितलं की कोण्या बाईनं हे मांडलंय. जिथं साधू बोलायचे नाहीत तिथं ज्याला जे आयुष्यात बोलता आलं नाही ते त्यानं बोलावं. पलीकडं साधूच्या एका खोलीत रिकामा रांजण ठेवलाय, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलायचं. ते आधी इथं मधल्या मोठ्या रांजणातून वाजतं, मग बाकीच्यांत मिसळून जातं. "कोनत्याबी भाषेत चालते, आत्या. इथं कोनाले समजते?" असं म्हणून तो दादाला तिथल्या एका बाकावर बसवून स्वतः शेजारी बसला. इथं कोणाला समजतं, हे त्याचं वाक्य घेऊन मी वळले. समजणारे दोघंच होते आणि ते दोघं त्या मोठ्या रांजणासमोर बसले होते. मी म्हणाले, येते जरा.

खोली लहान, उंचावर एक खिडकी. रांजणाचं तोंड माझ्या छातीइतकं उंच. मी वाकले तेव्हा आतून ओल्या मातीचा वास आला. रेडिओवर मी कधी अडखळले नाही. शुद्ध, पुणेरी वळणाचा, घोटून घोटून बसवलेला आवाज माझा. तो येईना. मग आतून दुसराच आला, पोत्यावर बसलेल्या पोरीचा. "मी मंजू. अंजनगावच्या सहदेवची पोट्टी. आमचा मळा मी नाई मारला. किसन इंजिन चालू ठेवून बहिरमले गेला होता, हंडी खाले. मी आत गेली ते इंजिन बंद कराले. माहे पाय चिखलात उठले म्हून मीच चोर झाली. ज्या एका ओळीवर त्यानं मळा उभा केला ना, ते ओळ मी वाचवली. किसन खोटं बोलला. वेलावर हात ठेवून खोटं बोलला. शुभम, तुह्या बापाले इचार." मी थांबले. आणखी पुष्कळ होतं. लग्न, राख, कुंपण. पण रांजणात तोंड घालून ओरडायचा मला कंटाळा आला. शुभमचं नाव घेतलं तेवढं पुरे होतं.

परत आले तेव्हा माझा आवाज दालनात फिरत होता. मोठ्या रांजणातून निघून वर काळोखात जात होता आणि तिथून पुन्हा खाली येत होता. दोन गोऱ्या बायका मान तिरकी करून ऐकत होत्या, गोड काहीतरी ऐकावं तशा. मी खांबाशी उभी राहिले. शुभम बापाकडं पाहत नव्हता. तो रांजणाकडं पाहत होता. "तुह्या बापाले इचार" आलं तेव्हा त्यानं मान वळवली आणि दादाच्या तोंडाकडं नाही, त्याच्या हातांकडं पाहिलं. दादानं ते हात गुडघ्यांवरून उचलून मांड्यांखाली घातले. शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. उन्हाळ्यात माठातलं पाणी एका दमात प्यावं तसं ते खाली उतरत गेलं. आणि मी वाट पाहत राहिले की आता दादा उठेल, बाहेर चालू लागेल, आणि त्या दारातून त्याला कुठं जायचं ते कळणार नाही.

दादा उठला. पण बाहेर गेला नाही. तो खाली वाकला, त्यानं बुटांच्या पट्ट्या चर्र चर्र करून सोडल्या, बूट बाकाखाली ठेवले आणि मोज्यांवर त्या साधूच्या खोलीकडं गेला. शुभम अर्धा उठला आणि परत बसला. मला वाटलं आता तो माफी मागेल. मी ती नाकारायची तयारी करत होते. शब्दही जुळवत होते. आधी रांजणातून नुसता श्वास आला, म्हाताऱ्याचा, नाकातून शिटी वाजणारा. मग तो बोलायला लागला.

"मी किसन. मंजू बोलली ते खरं हाय. इंजिन मीच चालू ठेवलं होतं." पुन्हा श्वास. "पन मंजू, येक गोठ तुले मालूम नाई. बापूले मालूम होतं. बापू नागपुरावून आला, त्यानं मातीत हात खुपसला, कोपरापावतर वली. इंजिनाच्या टाकीत डिझल किती उरलं ते पाह्यलं. मले कोठ्यात नेलं अन् दोन कानाखाली देल्ल्या. मंग म्हनला, गप राय. पोराच्या आळसानं मळा मेला म्हनलं तर उद्या तुले कोनी मळा कराले देनार नाई. पोट्टीचं काय, ते त जानारच हाय. मी सगळ्याइसमोर इचारतो, तू वेलावर हात ठेव. मी म्हनलं, बापू, वेलावर? तो म्हनला, वेल मी पाहून घेतो." मला वाटलं संपलं. "तुहा आवाज आयके तो. रोज. मळ्यात शेवग्याले रेडिओ टांगे, अन् तुहं बोलनं होयेपावतर कोनाले पान खुडू नाई दे."

मी खांबाला धरून राहिले. दगड गार होता. बापूनं सगळ्यांसमोर दादाला विचारलं होतं, 'किसन, खरं सांग.' तो आवाज कसा होता? मी तो आठवायला लागले. त्यात राग होता असं मी सगळा जन्म धरून चालले होते. राग नव्हता. तो आवाज सरळ होता, मी रेडिओवर आधी लिहून ठेवलेलं वाचायचे तसा. आणि जमिनीकडं पाहत होता तो शरमेनं नाही, माझे ठसे पाहत होता. त्या ठशांवरून त्याला कळलं होतं की पोरीनं चपला काढल्या होत्या, वेलीला कुठं हात लागला नव्हता, विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. मळ्यातला माणूस होता तो, पावलं वाचता यायची त्याला. वाचली आणि म्हणाला, पोट्टी खोटं बोलते. आणि मग माझा आवाज शेवग्याला टांगला. मला आत यायची बंदी, माझ्या आवाजाला नाही. आवाजाला विटाळ नसतो. मी रोज संध्याकाळी स्टुडिओत बसून शेतकरी बांधवांना नमस्कार करायचे, आणि माझा बाप माझ्याच मळ्यात बसून तो नमस्कार घ्यायचा. दादाचं म्हणणं, तो प्रेमानं ऐकायचा. दादाला बहुतेक ते सांगून मला काही द्यायचं होतं. मला ते नको होतं. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाच्या मानेवरच्या तिळाकडं पाहत बसले होते, आणि ज्याची मान धरायची तो वेलींच्या बुडाशी राख होऊन, पानं होऊन, विकून खाऊनही झाला होता.

दादा परत आला. मोज्यांवर, हात लोंबत. तो बाकापर्यंत आला आणि शुभमच्या शेजारी न बसता टोकाला बसला. शुभम उठून माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, आत्या, पाणी देऊ? मी नको म्हणाले. तो बापाकडं गेला नाही आणि माझ्याजवळही थांबला नाही. आमच्या दोघांच्या मधे, त्या रांजणांमधे, हातात पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. दादा त्या बाकावर इतका जड झाला होता की उठवायला दोन माणसं लागली असती. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही.

मी पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली, रुमाल, मग चपला. अकोल्याच्या गांधी रोडवरून घेतलेल्या, साध्या, टाचेला झिजलेल्या. त्या मी दालनाच्या मधोमध जमिनीवर टाकल्या. आवाज झाला, त्या दोन गोऱ्या बायकांनी वळून पाहिलं. पाय आत सारायला गेले तर तो आत जाईना. अंगठा पुढं जाई आणि मागं सरके, कोणी धरून ठेवल्यासारखा. इथं देव नाही, वेल नाही, भांडी ठेवायची जागा आहे, असं मी त्या पायाला सांगितलं. त्याला पटेना. मग मी वाकून हातानंच अंगठा दाबून बसवला. डाव्या पायाची करंगळी पट्ट्याबाहेर राहिली, ती नेहमीच राहते. आणि मी चालले. चटक चटक असा आवाज त्या उंच दालनात घुमत गेला. दादानं मान वर केली. त्याचे ओठ हलले, चपला, असं काहीतरी म्हणाला असावा. मी थांबले नाही. साधूंच्या खोलीचा उंबरा ओलांडला, पुन्हा त्या रांजणाशी गेले, दोन्ही हातांनी त्याचा काठ धरला. हात लावायचा नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि या वेळी माझा आवाज आपसूक आला, रेडिओचा नाही, पोत्यावरच्या पोरीचाही नाही.

"बापू, मी मंजू बोलून राहिली. आता रेडिओ बंद करा. मी मळ्यात आली आहो, चपला घालून."